थेरपी बॉल घरी वापरून : मोठा गोल, छोटा गोल आणि पीनट

मुलाचे फिजिओथेरपीचे व्यायाम घरी करून घ्यायला एकच थेरपी बॉल, म्हणजे हवा भरलेला मोठा बॉल, घ्यायचा असेल तर पीनट बॉल घ्या आणि तोही आपल्या मुलाच्या मापाचा घ्या, हे आधीच सांगून टाकते म्हंजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम झालं. बाकीचं सविस्तर लिहितेय कारण बऱ्याच आया विचारतात की कुठला घेऊ, किती सेंटीमीटरचा, ऑनलाइन का दुकानातून, आणि घेतल्यावर त्याचं नेमकं करायचं काय. आमची लेक सात वर्षांची आहे, स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे सीपीच (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी) पण पायांत ताठरपणा जास्त आणि हात त्यामानाने बरे. घरात तीन बॉल आहेत. ६५ सेंटीमीटरचा मोठा गोल, हा दिराच्या व्यायामाचा, तो घरात होताच. ४५ चा छोटा गोल. आणि ४० चा पीनट, शेंगेसारखा, दोन्ही टोकांना फुगीर आणि मधे खोलगट. तिन्ही अजून वापरात आहेत.

आधी मोठ्या गोल बॉलबद्दल, कारण बहुतेक जण हाच आणतात. दुकानात जिम बॉल मागितला की हाच पुढे करतात, स्वस्त असतो, सगळीकडे मिळतो आणि घरातल्या मोठ्यांनाही चालतो. पण लहान मुलाला त्याच्यावर बसवलं की पाय लोंबकळतात, आणि पाय लोंबकळले की बसण्याचा सगळा फायदाच गेला. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात, असं बसलं तरच मूल पायावर भार देतं, पाठ सरळ करतं आणि तोल सांभाळायला स्वतः काहीतरी करतं. पाय हवेत असतील तर ते आपल्याला घट्ट धरून ठेवतं, खांदे वर चढतात, पाय अजून ताठ होतात, आणि आपल्याला वाटतं की पोर घाबरट आहे. घाबरट नसतं हो, बॉल उंच असतो.

६५ चा बॉल आमच्याकडे एकाच गोष्टीला वापरतो, पोटावर झोपवायला. त्याच्यावर आडवं टाकलं की छाती आणि पोट नीट टेकतं, मग मांड्या नाहीतर कंबर धरून हळूहळू पुढे न्यायचं, हात जमिनीला टेकेपर्यंत. ह्यात दोन गोष्टी होतात, मान आणि पाठ वर उचलायची कसरत होते आणि हातावर भार येतो. पुढे नेताना हात आपोआप पुढे यायला हवेत, पडताना आपण जसे हात टेकतो तसे, कारण बसायला उठायला शिकताना पोर पडणारच आहे आणि तेव्हा हात पुढे आले नाहीत तर तोंडावर आपटणार. लेकीचा उजवा हात आधी मुठीतच यायचा, आता उघडा येतो पण अंगठा अजून आत राहतो, ते आमच्या फिजिओ मॅडम बघतायत. समोर स्टीलचं ताट ठेवते आणि त्यात वाटाणे, ते एकेक उचलून वाटीत टाकायचे. वाटाण्याचा आवाज होतो ताटात, तो तिला आवडतो, म्हणून नुसत्या खेळण्यापेक्षा जास्त वेळ टिकते.

हा बॉल मुळात जिमचा नाही हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर फार बरं वाटलं. १९६३ च्या सुमारास इटलीतल्या अक्विलिनो कोसानी नावाच्या प्लास्टिक कारखानदाराने असे मोठे बॉल बनवायला घेतले, आणि स्वित्झर्लंडमधे बर्नला मेरी क्विंटन ह्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर एल्स्बेथ क्योंग ह्यांनी ते तान्ह्या बाळांच्या उपचारात वापरले. क्विंटनबाई आणि क्योंगबाई बोबाथ पद्धतीने काम करणाऱ्या, म्हणजे सीपीच्या मुलांना हाताळायची जी पद्धत आपल्या फिजिओ मॅडम आजही शिकून येतात तीच. म्हणजे आपल्या लेकरांसारख्या लेकरांनी हा बॉल आधी वापरला, जिमवाल्यांकडे तो नंतर गेला. सर्जिकलच्या दुकानातला माणूस जेव्हा म्हणतो ना की "मॅडम हा मोठ्यांच्या एक्सरसाइजचा आहे, लहान मुलांना कशाला", तेव्हा हे आठवतं.

४५ चा गोल बॉल म्हणजे मधला मामला. माप बरं आहे, थोडी हवा कमी ठेवली आणि पायाखाली देवघरातला पाट ठेवला की पाय टेकतात. पण गोल बॉल चारी बाजूंना पळतो. थेरपिस्टच्या हाताखाली हे चांगलंच आहे, कारण कुठल्याही बाजूला तोल घालवता येतो आणि मुलाला सावरायला लावता येतं. घरी मात्र आपण एकट्या असतो, एका हाताने मूल, एका हाताने बॉल, मधेच दाराची बेल वाजते नाहीतर कुकरची शिट्टी. आणि आपल्याकडे फरशा गुळगुळीत, त्यावर तर हा बॉल सटकतोच. ह्यावर आमच्या सासूबाईंनी उपाय काढला. जुन्या लुगड्याची मोठ्ठी चुंबळ केली, हंडे वाहताना डोक्यावर घ्यायचे तशीच, फक्त घमेल्याएवढी, वरून दोन ठिकाणी सुतळीने बांधली आणि बॉल त्यात ठेवला. खाली सतरंजी. बॉल जागचा हलत नाही, नुसता दबतो आणि वर येतो. तयार प्लास्टिकच्या रिंगा मिळतात अशाच कामाच्या, पण चुंबळ त्याहून मऊ आणि पाय लागला तरी खरचटत नाही. मॅडमनी बघितलं आणि फोटो काढून घेतला त्यांच्या सेंटरवर दाखवायला.

आता पीनट. हा आला आणि आमची रोजची थेरपी एकदम सोपी झाली. पीनट फक्त पुढेमागे जातो, नाहीतर मूल ज्या बाजूने बसलं असेल त्याप्रमाणे डावीउजवीकडे, पण चारी दिशांना नाही. मूल खोलगट भागात बसतं त्यामुळे जागा ठरलेली राहते. आणि डायप्लेजियाच्या मुलांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसता येतं, एक पाय इकडे एक तिकडे. आपल्या मुलांच्या मांड्या आतल्या बाजूला ओढलेल्या असतात, उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तासनतास हाताने स्ट्रेचिंग केलं की ती रडते, मी रडकुंडीला येते. पीनटवर बसून हळू झुलताना ते पाय आपोआप बाजूला राहतात आणि तिला कळतही नाही की स्ट्रेचिंग चाललंय. मागे मी बसते. सुरुवातीला माझी छाती तिच्या पाठीला टेकायची, आता फक्त हात.

हात कुठे धरायचे ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बॉल कितीही भारी घेतला तरी सगळा खेळ इथे आहे. बहुतेक लोक काखेत धरतात. काखेत धरलं की मूल आपल्यावर लटकतं आणि पाठपोटाचे स्नायू काहीच करत नाहीत. मॅडमनी शिकवलं ते असं, दोन्ही हात कमरेच्या हाडावर, अंगठे मागे, बोटं पुढे. मान आणि धड अजून अजिबात सावरत नसेल तर आधी बरगड्यांपाशी धरायचं आणि जसजसा कंट्रोल येईल तसतसे हात खाली न्यायचे, बरगड्या, मग कंबर, मग मांड्या. हात जितके खाली तितकं काम मुलाचं. मग बॉल एका बाजूला अगदी थोडा कलवायचा आणि थांबायचं. हे थांबणं फार अवघड आहे. आपल्याला वाटतं पडेल, लगेच ओढून सरळ करावं. थांबलं की दिसतं, आधी काहीच होत नाही, मग ज्या बाजूला कलवलंय ती बरगडीची बाजू लांब होते, दुसरी बाजू आखडते, डोकं हळूच मधे येतं, आणि एखाद्या वेळी हात बाहेर टेकायला जातो. आमच्या लेकीच्या डाव्या बाजूला हे पटकन होतं, उजवीकडे कलवलं की तिला दोन श्वासांएवढा वेळ लागतो. तो वेळ तिला द्यायचा. घाईत केलेली वीस वेळची डुलडुल आणि थांबून केलेली चार वेळची, ह्यात मला चार वेळचीच कामाची वाटते.

उड्या मारायचं मात्र विचारून करा. यूट्यूबवर सगळीकडे मुलं बॉलवर टुणटुण उडताना दिसतात आणि आपण तेच करायला जातो. ज्या मुलांचं अंग ढिलं असतं, टोन कमी असतो, त्यांना छोट्या छोट्या उड्यांनी अंगात जोर येतो, ती सरळ बसतात. आमच्यासारख्या ताठर मुलांना जोरात उड्या दिल्या की पाय अजून कडक होतात. त्यांना हळू, एका लयीत झुलवणं जास्त मानवतं. आम्ही बडबडगीत म्हणत झुलतो, गाण्याचा वेग वाढला की पाय आवळायला लागतात हे मला हाताला कळतं, मग परत हळू. डाउन सिंड्रोमच्या मुलांचं टोन कमीच असतं, म्हणून उड्या चांगल्या असं कोणी सांगेल, पण त्यातल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यांना जोराच्या उड्या आणि डोकं खाली करून लोळवणं धोक्याचं आहे, तेव्हा डॉक्टरांना मानेबद्दल स्पष्ट विचारल्याशिवाय करू नका. फिट्स येत असतील, डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) बसवलेला असेल, पोटाला नळी असेल, तरी तेच. आणि सीपीच्या मुलांचा खुब्याचा सांधा सरकण्याचा प्रकार होतो, वरून काहीही दिसत नाही, एक्सरेमधेच कळतं, तेव्हा पीनटवर पाय फाकवून बसवायच्या आधी शेवटचा एक्सरे कधी काढला होता ते बघा. मांडी बाजूला नेताना मूल कळवळलं तर त्या दिवशी बॉल बाजूला ठेवा आणि आधी फोन करा.

जेवणानंतर लगेच नको, दीडेक तास जाऊ दे. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया यायला लागल्या, एकदम गप्प झालं तर थांबायचं, पुष्कळ मुलांना मळमळ सांगता येत नाही.

मापाचं. डब्यावर जो उंचीचा तक्ता असतो तो मोठ्या माणसांचा, तो बघू नका. मुलाला स्टुलावर बसवा, एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारा स्प्लिंट) घालत असेल तर घालूनच, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत टेपने मोजा. मूल बसल्यावर बॉल दबून साधारण तेवढ्या उंचीला यायला पाहिजे, किंचित वर असला तरी चालेल. रंगावरून घेऊ नका ही अजून एक सूचना. थेराबँड कंपनीच्या बॉलमधे पिवळा ४५, लाल ५५, हिरवा ६५, निळा ७५ असं ठरलेलं आहे, त्यामुळे सेंटरवर "लाल बॉल घ्या" असं सहज म्हणतात, पण दुसऱ्या कंपनीचा लाल बॉल कितीचाही असू शकतो. आकडा विचारा. पीनटचा आकडा म्हणजे त्याची उंची, लांबी नव्हे, आणि तीही फुगीर भागाची, मधला खोलगट भाग त्याहून खाली असतो हे धरून चला.

माझा ४५ चा ऑनलाइन मागवलेला आहे आणि विक्रेत्याने पाठवलेला पहिला बॉल पूर्ण फुगवला तरी मापाला आलाच नाही, अजून हवा भरावी तर शिवण ताणायला लागली. परत केला, वाद घालावा लागला पण बदलून मिळाला. म्हणून फुगवताना भिंतीवर पेन्सिलीने उंचीची खूण करा, बॉल भिंतीला लावा, वर एक वही आडवी ठेवा आणि खुणेला येते का बघा. एकदम पूर्ण भरू नका, थोडा भरून एक दिवस ठेवा, प्लास्टिक सैल पडतं, मग दुसऱ्या दिवशी उरलेली हवा. आणि मुलांसाठी टणक फुगवायचा नाही. जरा मऊ ठेवला की अंगाचा जास्त भाग टेकतो, बॉल हळू हलतो, मुलाला सावरायला वेळ मिळतो. कंट्रोल वाढला की हवा वाढवायची.

अँटी बर्स्ट लिहिलेलाच घ्या. त्याचा अर्थ फुटतच नाही असा नाही, टोचलं तर फटकन न फुटता हवा हळूहळू जाते आणि मूल एकदम खाली आपटत नाही, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत. वजनाचे मोठमोठे आकडे लिहिलेले असतात ते बॉलवर वजन नुसतं ठेवल्यावरचे, उड्या मारतानाचे नाहीत. चकचकीत पृष्ठभागाचा नको, उन्हाळ्यात घामाने उघड्या मांड्या चिकटतात आणि कपड्यावर सटकतो, दोन्ही त्रास. मॅट किंवा बारीक रेघा असलेला चांगला. वास सगळ्यांनाच येतो सुरुवातीला, आमच्या पीनटला तर इतका की सासूबाईंनी घरात ठेवू दिला नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत गॅलरीत टांगला, गेला वास. उन्हात मात्र ठेवायचा नाही, आतली हवा फुगते आणि प्लास्टिक खराब होतं. मूल तोंडाला लावणारं असेल तर थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) नसलेला असं लिहिलेला शोधा, थोडा महाग पडतो. साधा गोल बॉल पाचशे ते हजारच्या आत बसतो, पीनटला साधारण त्याच्या दुप्पट धरा.

ऑटिझमच्या मुलांचं थोडं वेगळं आहे, ते मी मैत्रिणीच्या मुलाचं बघून लिहितेय. तो संध्याकाळी शाळेतून आला की घरभर धावतो, भिंतींना धडका देतो. त्यांच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) मॅडमनी सांगितलेला खेळ म्हणजे पोळी लाटणे, तो चटईवर पालथा झोपतो आणि आई बॉल त्याच्या पाठीवरून, पायांवरून दाबून फिरवते, मान आणि डोकं सोडून. किती दाबायचं ते तो सांगतो, "अजून" म्हणतो किंवा बॉल ढकलतो. ढकलला की बंद, जबरदस्ती नाही. त्याला ते फार मानवतं, नंतर पंधरा वीस मिनिटं एका जागी बसून चित्र काढतो. पण त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाला बॉलचा स्पर्शच सहन होत नाही, तेव्हा एकाला लागू पडलं म्हणून सगळ्यांना पडेल असं धरू नका.

वर्गात खुर्चीऐवजी बॉल ठेवायची टूम अधूनमधून शाळांमधून येते. २००४ मधे अमेरिकेत शिलिंग आणि श्वार्ट्झ ह्यांनी ऑटिझमच्या लहान मुलांवर हे करून बघितलं होतं, मुलं जास्त वेळ बसली आणि कामात राहिली, पण मुलं होती चार. नंतरच्या अभ्यासांमधे काहींना उपयोग झाला, काहींना नाही. माझं मत, घरच्या अभ्यासाला दहा मिनिटं बसवून बघावं, पाय टेकतात का आणि हातातली पेन्सिल नीट चालते का बघावं. सीपीच्या मुलाला लिहायला मात्र बॉलवर बसवू नका, त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, लिहिताना त्याला पक्की, आधार असलेली खुर्चीच पाहिजे.

ज्यांना खाजगी सेंटरची फी परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करणारं सरकारी केंद्र, आहे का विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मधे आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी आहे आणि त्याच्याच खाली ही केंद्रं आहेत. तिथे जाऊन आधी हात धरायला शिका, आपल्या मुलावर, त्यांच्या बॉलवर, आणि नवऱ्यालाही घेऊन जा, कारण बॉल घेतल्यावर सगळं आईच्याच अंगावर पडतं. आमच्याकडे रविवारी बाबा आणि लेक दोघेच पीनटवर असतात, तो तिला माझ्यापेक्षा जास्त कलवतो आणि ती त्याच्याकडे जास्त हसते, तर हसू दे.

तिन्हींना मार्क द्यायचे तर पीनटला पाचपैकी पाच, ४५ च्या गोलाला चुंबळीसकट चार आणि चुंबळीशिवाय अडीच, ६५ ला पोटावरच्या व्यायामासाठी तीन. आता ती उंच होतेय, पुढच्या वर्षी ५० चा पीनट लागेल असं मॅडम म्हणाल्यात, तो घेतला की हा ४० चा कोणा लहान मुलाला द्यायचाय, चांगल्या स्थितीत आहे. घेताना पंप बरोबर येतो का बघा, आणि ते पांढरं छोटं बूच असतं ना, ते दुकानदाराकडून एक जास्तीचं मागून घ्या, काढताना उडून कपाटाखाली जातं आणि सुटं कुठेच मिळत नाही.